बोजाऱ्याचा हिशेब : चित्रपुस्तकांतून नाणी-नोटा (प्रकल्प नोंदी)

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, सेलू तालुका, जिल्हा वर्धा. इयत्ता दुसरी ते चौथी एकत्र. (बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मुलांच्या पोळ्याला, पोरांना घरोघर मिळणारे पैसे.)

३० जून २०२५

उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वर्ष आत्ताच लागलंय, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मुलांना पैशांचं काय येतं ते पाहून घेतलं.

दुसरीच्या मुलांपुढे दोन नाणी ठेवली, एक दोनाचं आणि एक पाचाचं. दोन्ही २०११ च्या मालिकेतली. "यातलं कोणतं घेशील?" बऱ्याच जणांनी दोनाचं उचललं. त्या मालिकेत दोनाचं नाणं २५ मिलिमीटरचं आहे आणि पाचाचं २३ चं. हाताला जे मोठं लागतं ते मोठं, हा मुलांचा हिशेब आहे आणि वयाला धरूनच आहे. २०१९ मध्ये दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणून जी मालिका काढली, तिच्यात किंमत वाढेल तसा आकार वाढतो: एकाचं २०, दोनाचं २३, पाचाचं २५, दहाचं २७ मिलिमीटर. पण दुकानाच्या गल्ल्यात जुनी-नवी सगळी नाणी एकत्रच नांदतात. अमेरिकेतल्या शिक्षकांनाही हीच अडचण येते, तिकडचं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्याहून लहान असतं.

मग दहाची एक नोट आणि एक-एकची चार नाणी ठेवली. नाण्यांचा ढीग जिंकला.

पाठ्यपुस्तकात नाणी-नोटांचा पाठ आहे, पण तिथे रकमा मांडलेल्या असतात आणि मुलं त्या फक्त मोजतात. पैसा मोजायचा कशासाठी, हे गोष्टीतच येतं. म्हणून या वर्षी हा भाग चित्रपुस्तकांतून शिकवून पाहायचा.

४ जुलै

काल गावचा बाजार होता. तिसरीतल्या एका मुलीच्या वडिलांचा फल्लीचा, म्हणजे शेंगदाण्यांचा, ठेला असतो, शाळा सुटली की ती तिथेच. मी पावभर फल्ली घेतली, पस्तीस रुपये झाले. पन्नासची नोट दिली. वडील दुसऱ्या गिऱ्हाइकात होते. तिनं डब्यातून पाचाचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "चाळीस." मग दहाची नोट ठेवली, "पन्नास." झालं. वर बघितलंसुद्धा नाही.

आज वर्गात तिलाच ५० वजा ३५ उभ्या मांडणीत दिलं. उत्तर आलं २५. पाचातून शून्य गेला पाच, पाचातून तीन गेले दोन. दशक सुटा करायचा राहिला आणि लहान अंक मोठ्यातून वजा झाला. ही चूक दरवर्षी अनेक वह्यांत दिसते. पण जिनं काल हाच व्यवहार डोळ्यांसमोर बिनचूक केला तिच्या वहीत ती पाहून मन हललं. ठेल्यावर तिनं वजाबाकी केलीच नव्हती, पस्तीसपासून पन्नासपर्यंत चढत गेली होती.

याच वर्षी फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करतात, पण तसलंच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडतात. उलट शाळेत वजाबाकी-भागाकार करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. त्याआधी १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला होता. ठेल्यावर विचारलेल्या प्रश्नांची ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तेच आकडे नुसत्या उदाहरणांच्या रूपात कागदावर दिल्यावर ३७ टक्के. आमच्या शाळेत ही दोन्ही प्रकारची मुलं एकाच सतरंजीवर बसतात.

चित्रपुस्तकाकडून मला नेमकं हेच हवं आहे. पुस्तक म्हटलं तर कागद आहे, म्हटलं तर बाजार. ठेल्यावरची रीत कागदावर उतरवायला मधली जागा लागते, ती चित्रात आहे.

११ जुलै

पुस्तकं निवडण्यात आठवडा गेला. ग्रंथपेटीतली चाळली आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं पाहिली. २०१५ पासून चालू असलेल्या या संग्रहातली पुस्तकं मोफत उतरवता येतात. परवाना खुला आहे, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवून मजकूर बदलायचीही मोकळीक आहे. माझ्यासाठी ही मोठी सोय, कारण किमती गावच्या भावाप्रमाणे बदलून घेता येतात. चाळीस रुपये किलोचा आलू पुस्तकात पाच रुपयांना मिळत असेल तर आमची पोरं गोष्ट तिथेच सोडतात.

निवडताना नाणी-नोटांची चित्रं किती आहेत हे पाहिलं नाही. पात्राला काहीतरी हवंय, पैसे कमी आहेत आणि ठरवायचं त्यालाच आहे, एवढंच पाहिलं. पैशांची माहिती देणारी, नाण्यांनाच डोळे-तोंड काढलेली पुस्तकं बाजूला ठेवली. ती पाठ्यपुस्तकाचंच काम रंगीत करून करतात. बाजाराच्या गोष्टीत नाण्याचं एकही चित्र नसलं तरी चालेल, नाणी मुलांच्या हातात देता येतात.

खेळण्यातल्या नोटांचा प्रश्न होता. खऱ्या नोटेची रंगीत झेरॉक्स काढायची नाही, हे सहकारी गुरुजींनाही सांगून ठेवलं. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं कायद्याने गुन्हा आहे, शाळेसाठी असला तरी. मुलं हातानं काढतील त्याच नोटा.

१८ जुलै

पहिलं वाचन. आजीबरोबर बाजारात गेलेल्या मुलीची गोष्ट. जिथे पैसे दिले जातात त्याच्या पुढचं पान जुन्या कॅलेंडरच्या कागदानं झाकून चिमटा लावला. आधीचं पान उघडं: टोपलीत सांबार (कोथिंबीर), भेदरं (टोमॅटो), वांगी, प्रत्येकावर मी चिकटवलेली किमतीची चिठ्ठी, आणि मुलीच्या हातात पन्नासची नोट.

"आता काय होईन?" एवढंच विचारून थांबले.

गणिताच्या तासाला कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "सांबार नाई घेतलं तं जमते." मग कोणी भेदरं अर्धा पाव करून टाकले, कोणी म्हणालं आजीला भाव कमी करायला लावा. किती मांडण्या निघाल्या! प्रत्येकाला आपली मांडणी नाण्यांनी करून दाखवायला लावली. चिमटा काढल्यावर पुस्तकातल्या मुलीनं काय केलं ते दिसलं तेव्हा निम्म्या वर्गानं तिच्याशी भांडण काढलं, आमची पद्धत बरी होती म्हणून.

झाकलेलं पान हे तंत्र पक्कं. प्रश्न पात्राच्या तोंडून यायला हवा. मी "बेरीज करा" म्हटलं की मुलं बोटं मोडायला लागतात.

२५ जुलै

पावसाची झड. ओढ्याला पाणी, पलीकडच्या वस्तीतली मुलं आली नाहीत. नवं काही घेतलं नाही.

५ ऑगस्ट

ग्रंथपेटीत एक जुनं पुस्तक सापडलं, त्यात फुगा पंचवीस पैशांना. मुलं चक्रावली. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणजे यांच्या जन्माच्या आधीच. पुस्तक बाजूला ठेवायचं मनात होतं, पण चौथीतल्या मुलानं विचारलं, "मंग माहा आबाजी बारा आणे काय म्हणते?" दुसऱ्या दिवशी आबाजींनाच शाळेत बोलावलं.

आबाजी नाणी घेऊनच आले, मळकट रुमालात बांधलेली. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आठ आणे पन्नास, बारा आणे पंचाहत्तर. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांचा झाला, तरी बोलण्यातले आणे गेले नाहीत. मी फळ्यावर शेजारी पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो लिहिलं. त्यापुढे २५०, ५००, ७५० ग्रॅम. चौथीच्या मुलांनी क्षणात जोड्या लावल्या. पुढे अपूर्णांकाच्या पाठाला हेच वापरणार.

१३ ऑगस्ट

नोटा नुसत्या पाहण्याचा तास. मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत, मराठी आठवी. दहाच्या नव्या नोटेवर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. वेरूळ आपल्या महाराष्ट्रातलं म्हटल्यावर वीसच्या नोटेचा भाव वधारला. नोटा हातानं काढताना मुलांनी चित्रं बदलली. एकीनं पन्नासवर बोर धरण काढलं. तेच ठेवलं.

२५ ऑगस्ट

पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. आपल्या जिल्ह्यात, सिंदीसारख्या गावी तर विशेषच, तान्ह्या पोळ्याचं जे महत्त्व आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरतात आणि घरचे हातावर बोजारा ठेवतात. वर्षभरात मुलाच्या हातात स्वतःचा म्हणून येणारा हाच एक पैसा. आज शाळेत आल्या-आल्या दुसरा विषयच नव्हता. कोणाला किती मिळाला, कोणी सुट्टं नाही म्हणून टाळलं, कोणाच्या आईनं "मी ठेवतो" म्हणून घेतला तो परत दिलाच नाही.

सगळं पुढ्यातच होतं. बाहेरची पुस्तकं पुष्कळ वाचली, आता आमचं पुस्तक करू.

२ सप्टेंबर

पुस्तकाचं काम. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचं मोठं पुस्तक, एका पानावर एक घर. नंदीवाल्या मुलाला नाव द्यायचं नाही असं मुलांनीच ठरवलं, म्हणजे तो कोणीही असू शकतो.

नाणी काढायचा प्रश्न असा सुटला: नाण्यावर पातळ कागद ठेवायचा, एका हाताच्या बोटांनी नाणं घट्ट दाबायचं आणि पेन्सिल आडवी धरून हलके घासायची. आधी कडेचा गोल उमटतो, मग आकडा, शेवटी सिंह. जोरात घासलं की कागद फाटतो, तिरपं धरलं की दोन आकडे उमटतात. दुसरीतल्या मुलांना एवढा वेळ एकाच नाण्याकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. यातूनच त्यांना कळलं की पाचाच्या नाण्याची जाडी बोटाला वेगळी लागते. आता आकारावरून गल्लत होत नाही, निदान या हातांची.

घरं अशी ठरली. पहिल्या घरी दहाची नोट. दुसऱ्या घरी पाचाचं नाणं. तिसऱ्या घरी दोनाची दोन नाणी. चौथ्या घरी बिस्किटाचा पुडा. पाचव्या घरी वीसची नोट, कारण "तिथं नवं घर बांधलं हाय". सहाव्या घरी एक रुपया.

चौथ्या घराशी वर्ग अडला तो शाळा सुटेपर्यंत अडला. पुडा पाच रुपयांचा, म्हणजे बोजाऱ्यात पाच धरायचे की नाही?

"पुडा तं पाचाचाच हाय न!"

"मंग पुडा घेऊन गेलो तं दुकानवाला फुगा देते का?"

"खाल्ला तं संपला. पैसा खाता येत नाई."

"पैसाबी संपतेच की."

मी मध्ये पडले नाही. ही चर्चा मोठ्या माणसांच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशी होती. वस्तूची किंमत आणि हातातला पैसा यात फरक आहे, पैसा कोणीही घेतो म्हणून तो पैसा, हे कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी चौथीतल्या मुलीनं तोडगा काढला: पुडा पानावर राहील, पण बेरजेत नाही, खाली वेगळ्या रकान्यात. बेरीज आली ४०.

मग खरेदीचं पान. आलूबोंडा वीस, फुगा दहा, पिपाणी पंधरा. एकूण ४५. पाच कमी! सगळ्यांच्या नजरा पुन्हा बिस्किटाच्या पुड्यावर. किमती मुलांनीच बाजारात विचारून आणल्या होत्या, मी काहीच जुळवलं नव्हतं. पुस्तकाचे दोन शेवट झाले. एकात दुकानवाले काका बंद पुडा परत घेतात. दुसऱ्यात पोरगा फुगा सोडतो, आणि मग ४० तून ३५ गेले ते पाच वाचतात, पुडाही उरतो. दोन्ही ठेवले, वाचणाऱ्यानं निवडायचं. मला स्वतःला दुसरा आवडला, पण मुलांना ते सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

एक अडचण लिहून ठेवते. किराणा दुकानात आता फोन दाखवला की डब्यातून आवाज येतो, इतके रुपये मिळाले. यूपीआय २०१६ ला आलं, म्हणजे ही मुलं त्यातच वाढलीत. पहिलीतल्या एकाला विचारलं, दुकानात पैसे कसे देतात? त्यानं फोन धरल्यासारखा हात पुढे केला. नाणी हाताळायला मिळतात ती बाजारात आणि तान्ह्या पोळ्याला, दुकानात नाही. चिल्लर वापस द्यायची वेळच येत नाही, आणि आलीच तर चॉकलेट.

म्हणून पुस्तकाला एक पान जोडलं: सातव्या घरचा दादा म्हणतो, "सुट्टे नाही, फोनवर टाकतो." पोराकडे फोन नाही. पुढे काय, ते पान झाकलेलं. उत्तर अजून ठरलेलं नाही आणि वर्ग रोज नवं उत्तर देतो. सध्या आघाडीवर: "आबाजीच्या फोनवर टाक, आबाजी मले रोख देईन." हेही देणं-घेणंच झालं.

१० ऑक्टोबर

आता कागदावर आणायचं. दिवाळीच्या सुट्टीआधी हे करायचंच होतं.

खरेदीच्या पानाखाली आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला किंमत, उजव्या टोकाला दिलेली नोट. ३५ पासून ५० पर्यंत. फल्लीवाल्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, ठेल्यावर करते तसंच कर, फक्त नाणं माझ्या हातावर ठेवायच्या ऐवजी रेघेवर ठेव. तिनं पाचाचं नाणं ठेवलं, त्याखाली ४० लिहिलं. दहाची नोट ठेवली, ५० लिहिलं. मी नाणं आणि नोट उचलली, त्या जागी ५ आणि १० लिहिलं. "वापस किती दिले?" पंधरा. मग शेजारी उभी मांडणी, ५० वजा ३५. तिनं जुन्या सवयीनं २५ लिहायला हात नेला आणि थांबली. रेघेकडे पाहिलं. "पंचवीस कसे होतीन, पंधरा दिले न मी." मग दहाची नोट मोडून एक-एकची दहा नाणी केली, एका दशकाची दहा सुटी कशी होतात ते मांडून पाहिलं आणि उत्तर जुळवलं.

उत्तर खोटं आहे हे तिला माझ्या लाल शाईआधी कळलं. ठेल्यावर ही खात्री तिला होतीच, आता वहीतही आली.

सगळ्यांचं असं झालेलं नाही. बाजारात न जाणारी काही मुलं उभी मांडणी यंत्रासारखी बरोबर करतात, पण रेघेवर कुठून सुरुवात करायची ते त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी उलट वाट: आधी बोजाऱ्याचं पुस्तक हातात, नाणी मोजून, मग रेघ. फल्लीवालीला अशा दोघांच्या मध्ये बसवलंय.

१८ नोव्हेंबर

सुट्टी संपली तरी पट भरत नाही. कापूस वेचणीचे दिवस. मोठ्या बहिणी लहान भावंडांना सांभाळायला घरी, काही स्वतःच वावरात. रागावून उपयोग नाही, शाळा घराच्या हिशेबाशी जोडली तर येतील.

मजुरांचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. चौथीतल्या एका मुलीनं आईच्या वेचणीचं पुस्तक केलं. सोमवारी ३२ किलो, मंगळवारी २८, बुधवारी ३०. प्रत्येक दहा किलोला एक गाठोडं, वरच्या सुट्या किलोंना बोंडं. किलोला दहा रुपये दर. एकूण ९० किलो, नऊ गाठोडी, ९०० रुपये. ३२ ची दोन बोंडं आणि २८ ची आठ मिळून एक गाठोडं होतं, हे तिनं चित्रात बाण काढून दाखवलं. हातच्याची बेरीज इतकी स्वच्छ मी फळ्यावर कधी समजावली नसेल.

संध्याकाळी तिची आई शाळेत आली. पुस्तक पाहून म्हणाली, "मॅडम, असंच कोरं मले एक द्या. वाचता नाई येत मले, पण गाठोडे तं मोजता येते." सोमवार ते बुधवार रोज तौल झाला की ती बोंडं काढून ठेवील आणि चुकाऱ्याच्या दिवशी मालकाच्या वहीशी ताडून पाहील. कोरी पुस्तकं चौथीची मुलं बांधून देताहेत. मागणी आणखी घरांतून आली आहे.

निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावं असं लक्ष्य आहे, २०२६-२७ पर्यंत. त्या तक्त्यांत आईचं गाठोडं भरायला रकाना नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

५ डिसेंबर

शेजारच्या गावातल्या शाळेनं बोजाऱ्याचं पुस्तक मागितलंय. मूळ प्रत फाटेल, म्हणून मुलं दुसरी करताहेत. किमतीच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत, त्यांनी आपल्या बाजारातले भाव भरावेत. झाकायच्या पानाला दोरी बांधली, चिमटे हरवतात.

चौथीसाठी आता दशांश चिन्ह. पन्नास पैशांचं नाणं अजून कायदेशीर चलनात आहे, पण बाजारात ते कोणी घेत नाही, तेव्हा ४९.५० चा अर्थ सांगायला खरी जागा लागेल. आबाजींचा आठ आणा आणि किराण्याची छापील पावती, दोन्ही एका पानावर आणून पाहते. जुन्या पावत्या घरून मागवल्या आहेत, सोमवारी येतील.